नारायण मेघाजी लोखंडे : कामगारांच्या आरोग्याचा हिशेब मागणारा माणूस



1 मे जवळ आला की शाळेत गडबड असते. ध्वजवंदन, निकालपत्रकं, दप्तरकाम, आणि मग सुट्टी. या दिवसाला महाराष्ट्र दिनासोबत कामगार दिन असंही म्हणतात, हे आपण मुलांना एका वाक्यात सांगतो आणि पुढे जातो. पण आमच्या पट्ट्यात, म्हणजे पिंपरी, चिंचवड, भोसरी, मोशीपासून थेट चाकणपर्यंत, वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी कुणीतरी कंपनीत जातं. कुणाचे बाबा फर्स्ट शिफ्टला, कुणाची आई पॅकिंगला, कुणाचा काका कंत्राटदाराकडे. या मुलांना कामगार दिन एका वाक्यात सांगणं मला तरी पटत नाही. म्हणून आज आपण नारायण मेघाजी लोखंडे यांच्या जीवनाविषयी माहिती पाहणार आहोत.

लोखंडे यांना भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हणतात. रविवारची सुट्टी त्यांच्यामुळे मिळाली, एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात तेवढंच छापलेलं असतं. मला मात्र त्यांच्या कामातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. आपल्याच शहरात काही माणसं लवकर थकतात, लवकर आजारी पडतात, लवकर मरतात, आणि त्याचा हिशेब कुणी ठेवत नाही, हे त्यांनी ओळखलं आणि तो हिशेब मागायला सुरुवात केली. आज ज्याला आपण आरोग्यातली विषमता मोजणं म्हणतो, तेच हे काम. शब्द तेव्हा नव्हता, इतकंच.

लोखंडे यांचा जन्म 1848 साली ठाण्यात, एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. घराणं मूळचं आपल्या पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचं. ठाण्यातच ते मॅट्रिकपर्यंत शिकले. पुढे शिकवण्याची घरची ऐपत नव्हती, त्यामुळे नोकरी धरली. आधी रेल्वेत, मग पोस्टात आणि त्यानंतर मुंबईच्या मांडवी भागातल्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून. ही तिसरी नोकरी महत्त्वाची. स्टोअरकीपर म्हणजे मालाची आवक-जावक वहीत लिहिणारा माणूस. किती गासड्या आल्या, किती तेल गेलं, किती सुटे भाग उरले, सगळं पैशा-पैशाने लिहिलेलं. गिरणीत कापसाचा हिशेब इतका चोख, आणि त्या कापसात दिवसभर उभ्या असलेल्या माणसाचा हिशेब कुठेच नाही. ही गोष्ट त्यांच्या रोज डोळ्यांसमोर होती. याच काळात महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाशी त्यांचा संबंध आला.

आता मुंबईच्या गिरण्यांबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. कावसजी दावर यांनी 1854 मध्ये मुंबईत कापड गिरणीची कंपनी काढली आणि 1856 मध्ये ती गिरणी सुरू झाली. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत गिरण्यांची रांगच लागली. कोकणातून, घाटावरून माणसं पोटासाठी मुंबईत आली. बायका आल्या, पोरंही आली. त्या काळी गिरणीत विजेचे दिवे नव्हते. त्यामुळे कामाची वेळ घड्याळावर नव्हती, सूर्यावर होती. उजाडलं की भोंगा, मावळलं की सुट्टी.

हे वाचताना आपल्याला फार काही वाटत नाही. शेतकरीही उजाडल्यावरच कामाला लागतो की. पण जरा गणित करून बघा. घरातलं कॅलेंडर काढा, सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या वेळा छापलेल्या असतात. मुंबईत डिसेंबरच्या अखेरीला दिवस साधारण अकरा तासांचा असतो आणि जूनमध्ये सव्वातेरा तासांचा. म्हणजे रोजचा फरक सव्वादोन तासांचा. महिन्याचे 26 दिवस धरले तर साडेअठ्ठावन्न तास. महिन्याच्या पगारावर असलेल्या माणसाला डिसेंबरचा आणि जूनचा पगार सारखाच. म्हणजे उन्हाळ्यात, जेव्हा पत्र्याखाली आणि यंत्रांच्या धगीत उभं राहणं सगळ्यात कठीण, तेव्हाच कामाचे तास सगळ्यात जास्त! आणि रविवारी? रविवारी यंत्रं साफ करायला यावं लागायचं. सण सोडले तर ठरलेली अशी सुट्टी नव्हतीच.

मालकांचं म्हणणं असं असायचं की कामगारांची काही तक्रार नाही. त्यांना हवं तेव्हा ते गावी जातात, सणावाराला सुट्ट्या घेतात, तब्येती ठणठणीत आहेत. 1875 साली मुंबई सरकारने गिरण्यांची चौकशी करण्यासाठी पहिला आयोग नेमला. त्यात मालक मंडळींचाच भरणा होता. कायदा हवा असं म्हणणारे दोघेच, एक कलेक्टर आर्बथनॉट आणि दुसरे डॉक्टर ब्लेनी. बाकीच्यांना सगळं आलबेल दिसलं. आणि इथे एक गंमत आहे. हिंदुस्थानातल्या गिरण्यांसाठी कायदा करा, असा सगळ्यात मोठा ओरडा तिकडे लँकेशायरचे गिरणीमालक करत होते. त्यांना इथल्या मजुरांचा कळवळा होता असं नाही. स्वस्त मजुरीवर चालणाऱ्या मुंबईच्या गिरण्या त्यांच्या धंद्याला जड जायला लागल्या होत्या. म्हणजे एकाला मोजायचं नव्हतं, दुसऱ्याला स्वतःच्या फायद्यासाठी मोजायचं होतं. ज्याचं शरीर झिजत होतं, त्याला मात्र कुणी विचारत नव्हतं.

शेवटी 1881 मध्ये पहिला कारखाना कायदा आला. त्यात काय होतं? सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही. सात ते बारा वयाच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, मध्ये एक तास विश्रांती द्यायची आणि महिन्यात चार सुट्ट्या द्यायच्या. धोकादायक यंत्रांना कुंपण घालायचं. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांनाच हे लागू. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल त्यात एक अक्षरही नव्हतं.

शिक्षक मित्रांनो, सात वर्षांचं मूल म्हणजे आपल्या दुसरीच्या वर्गातलं. दुसरीतल्या मुलाने नऊ तास गिरणीत काम करणं कायदेशीर होतं! त्यातही मूल सात वर्षांचं आहे की पाच, हे ठरवायचं कसं? जन्मदाखले नव्हतेच. मग मुलाचे दात बघून वय ठरवायचे. आपल्याकडे कितीतरी आजी-आजोबांची जन्मतारीख 1 जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने तीच लिहिली. तसाच हा प्रकार. फक्त इथे अंदाज चुकला की त्या लेकराचे रोजचे कितीतरी तास वाढायचे. मोजमाप नसलं की काय होतं, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

लोखंडे या सगळ्याकडे बघत होते. कृष्णराव भालेकर यांनी 1877 मध्ये पुण्यात दीनबंधु नावाचं वर्तमानपत्र सुरू केलं होतं. ते पुढे बंद पडण्याच्या अवस्थेत आलं. 1880 मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईत चालवायला घेतलं आणि त्यासाठी गिरणीतली नोकरी सोडली. घरसंसार असलेल्या माणसाने पगार सोडून तोट्यातलं वर्तमानपत्र चालवायला घेणं हा सोपा निर्णय नव्हता. दीनबंधुमधून शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या प्रश्नांना जागा मिळू लागली. गिरणीतल्या माणसाला आपलं गाऱ्हाणं घेऊन जायला एक उंबरठा मिळाला.

1884 मध्ये सरकारने कारखान्यांसाठी पुन्हा एक आयोग नेमला. या वेळी लोखंडे गप्प बसले नाहीत. 23 सप्टेंबर 1884 रोजी परळच्या सुपारीबागेत त्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली. बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही संघटना याच वर्षीची. सभेत ठराव झाले, त्यांचा अर्ज तयार झाला आणि त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. रविवारी पूर्ण दिवस सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास विश्रांती द्या. काम सकाळी साडेसहाला सुरू करा आणि सूर्यास्ताला थांबवा. पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत द्या. आणि पाचवी मागणी अशी की काम करताना गंभीर दुखापत झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करा.

पाचही मागण्या नीट बघितल्या तर जाणवतं की पगारवाढ मागितलेलीच नाही. मागितलीय ती विश्रांती, वेळेवर पैसे आणि दुखापतीनंतरचा आधार. पगार उशिरा मिळाला की वाण्याकडे उधारी, उधारी वाढली की ताटातलं कमी होतं, आणि ताटातलं कमी झालं की आजारपण. ही साखळी आपल्याकडच्या आयांना वेगळी समजावून सांगायला नको.

पाचव्या मागणीपाशी मी थोडी जास्त थांबते, कारण ती आमच्या वर्गात येऊन बसलेली असते. प्रेस मशीनवर बोटं गेलेला माणूस आपल्या भागात नवीन नाही. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांच्या उजव्या हाताची दोन बोटं अशीच गेली. ते एका लहान युनिटमध्ये कंत्राटावर होते. मुलगी दीड महिना शाळेत आली नाही, कारण आई कामाला जायला लागली आणि धाकट्या भावाला सांभाळायला घरी कुणी नव्हतं. हजेरीपटावर ती फक्त गैरहजर होती. आमच्या कागदावर त्या अपघाताची एवढीच नोंद. कारखान्याच्या कागदावर तेवढीही झाली की नाही, देव जाणे.

आज यासाठी कायदे आहेत, हेही पालकांनी लक्षात ठेवावं. लोखंडे यांच्या मागणीनंतर 39 वर्षांनी, 1923 मध्ये, कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा आला, ज्याला आपण सगळे ईएसआय म्हणतो. या योजनेत कामावर दुखापत झाली तर बरं होईपर्यंत सरासरी वेतनाच्या 90 टक्के रक्कम मिळते. लोखंडे यांनी 1884 मध्ये पूर्ण पगार मागितला होता! आणि कामावरच्या दुखापतीसाठी हा हक्क नोकरीच्या पहिल्या दिवसापासून असतो. अडचण असते ती नोंदीची. कामगाराचं नावच नोंदलेलं नसेल, किंवा अपघात झाल्यावर घाईघाईने नोंदलं असेल, तर दवाखान्याच्या खिडकीवर उभं राहिल्यावर कळतं. पालकहो, आपल्या घरातल्या कमावत्या माणसाचा विमा क्रमांक आहे का, तो चालू आहे का, हे एकदा विचारून घ्या. कंत्राटावर असला तरी विचारा.

पुन्हा लोखंडे यांच्याकडे वळू. त्यांच्या संघटनेला नियमावली नव्हती, वर्गणी नव्हती, सभासदांची यादीसुद्धा नव्हती. आजच्या अर्थाने ती युनियन नव्हतीच, असं अभ्यासक म्हणतात, आणि ते खरंही आहे. पण त्यांनी काय केलं बघा. त्यांनी सह्या मोजल्या. एकट्या माणसाची तक्रार ही तक्रार असते, साडेपाच हजार जणांची तीच तक्रार हा पुरावा होतो. ज्यांच्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती, त्यांच्यापर्यंत जाऊन, ठराव समजावून सांगून, एकेक नाव मिळवणं म्हणजे काय काम असेल, याची कल्पना जनगणनेच्या ड्युटीवर घरोघर फिरलेल्या शिक्षकांना नक्की येईल.

1884 च्या अर्जातून लगेच काही निघालं नाही. आयोगाचा अहवाल आला आणि सरकारदरबारी पडून राहिला. लोखंडे यांनी सभा आणि अर्ज चालूच ठेवले. पुढचा अर्ज गेला तेव्हा सह्यांचा आकडा 17 हजारांच्या घरात होता. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. 1890 साली, दहा हजार माणसांसमोर, गिरणीत काम करणारी बाई उभी राहून बोलते, हे मुलींना आवर्जून सांगायला हवं. सभेचा अर्ज गिरणीमालकांच्या संघटनेकडे गेला आणि 10 जून 1890 रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

त्याच वर्षी सरकारने आणखी एक आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष लेथब्रिज हे पेशाने डॉक्टर होते. मुंबईतून सोराबजी शापूरजी बंगाली हे सदस्य होते आणि लोखंडे यांनाही मुंबईच्या कामासाठी आयोगाशी जोडून घेतलं होतं. माझ्या मते हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा टप्पा, रविवारच्या सुट्टीपेक्षाही मोठा. 1875 मध्ये कामगारांच्या तब्येतीबद्दल मालक सांगायचे. पंधरा वर्षांनी कामगारांना विचारायची वेळ आली, आणि विचारणाऱ्यांच्या बाजूला कामगारांचा माणूस बसला होता. किती तास काम करता, जेवायला कधी बसता, घरी किती वाजता पोचता, हे प्रश्न साधे वाटतात. पण ते कुणाला विचारले यावर उत्तर ठरतं.

1891 मध्ये सुधारलेला कायदा आला. आठवड्याची सुट्टी कायद्यात आली, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आली. बायकांसाठी अकरा तासांची मर्यादा, मुलांचं किमान वय नऊ आणि नऊ ते चौदा वयासाठी सात तास. पन्नास माणसांच्या कारखान्यालाही कायदा लागू झाला. पुरुषांच्या तासांवर मात्र याही वेळी मर्यादा नव्हती. ती 1911 च्या कायद्यात आली, तीही कापड गिरण्यांपुरती आणि बारा तासांची. लोखंडे तेव्हा हयात नव्हते.

त्यांची बाकीची कामंही पुष्कळ आहेत, थोडक्यात सांगते. विधवांचं केशवपन करायचं नाही यासाठी त्यांनी मुंबईतल्या नाभिक बांधवांना एकत्र आणलं. 1893 मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल झाली, तेव्हा कामगार वस्त्यांमध्ये शांतता राहावी म्हणून ते फिरले आणि राणीच्या बागेत सलोख्याची सभा भरवली. 1895 मध्ये सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली.

आता शेवटची दोन वर्षं.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले. निदान केलं मूळ गोव्याच्या डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी. तिथून प्लेग शहरभर पसरला. दाटीवाटीच्या चाळी, एका खोलीत आठ-दहा माणसं, खाली धान्याची गोदामं आणि गोदामांत उंदीर. रोग सगळ्यांना होऊ शकत होता हे खरं, पण ज्याच्याकडे दुसरं घर होतं, तो तिकडे जाऊ शकत होता. ज्याच्याकडे एक खोलीच होती, तो त्या खोलीत राहिला नाहीतर गावाकडे पळाला. लाखो माणसं मुंबई सोडून गेली, गिरण्या ओस पडल्या.

सरकारी बंदोबस्त कडक होता. घरात शिरून रुग्ण शोधायचे आणि उचलून इस्पितळात न्यायचे. इस्पितळात गेलेला परत येत नाही, तिथे जातपात, सोवळं-ओवळं राहत नाही, अशी भीती लोकांच्या मनात होती. मग घरच्यांनी रुग्ण लपवायला सुरुवात केली. माणूस दगावला तर कारण दुसरंच सांगायचे. परिणाम असा झाला की सरकारच्या वहीत प्लेगचे मृत्यू जितके दिसत होते, त्यापेक्षा खरे मृत्यू जास्त होते. आणि हा फरक सगळ्यात मोठा कुठे असणार? जिथे भीती सगळ्यात जास्त, म्हणजे गरिबांच्या वस्तीत. ज्या माणसाचा यंत्रणेवर विश्वास नसतो, तो मोजला जात नाही. कोविडच्या वेळी घरोघर सर्वेक्षणाला गेलेल्या आपल्यातल्या कितीतरी जणांनी हे दारात उभं राहून पाहिलं असेल. खोकला आहे का विचारलं की उत्तर नाही असंच यायचं, आणि आतून खोकण्याचा आवाज यायचा.

याच दिवसांत, जानेवारी 1897 मध्ये, वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात काही कैद्यांना टोचली आणि टोचलेले किती आजारी पडले, न टोचलेले किती, हे वेगवेगळं मोजलं. त्यांच्या नावाची संस्था परळला आहे आणि हाफकिनचं एक केंद्र आपल्या पिंपरीतही आहे, हे मुलांना सांगता येईल.

लोखंडे यांनी काय केलं? त्यांनी कामगारांसाठी मराठा हॉस्पिटल उभं केलं. लोकांना सरकारी इस्पितळाची भीती वाटते ना, मग आपल्या माणसांनी चालवलेला दवाखाना असला तर ते येतील, हा साधा हिशेब. रुग्ण आला तर उपचार होतो, आणि नोंदही होते. ते स्वतः तिथे राबत होते. त्यांचं वय पन्नाशीलाही पोचलेलं नव्हतं. इतर अनेकांसारखं गावी निघून जाणं त्यांना अशक्य नव्हतं, पण ते गेले नाहीत. रुग्णांची सेवा करताना त्यांनाच प्लेगने गाठलं आणि 9 फेब्रुवारी 1897 रोजी त्यांचं निधन झालं. पाचच दिवस आधी, 4 फेब्रुवारीला, साथरोगांचा कायदा मंजूर झाला होता. कोविडच्या वेळी आपल्याकडे जो लागू झाला, तोच तो कायदा. आणि एका महिन्याने, 10 मार्च 1897 रोजी, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. दोघंही सत्यशोधक. सावित्रीबाईंचं हे शेवटचं काम आपण दर 3 जानेवारीला सांगतो, लोखंडे यांचं सहसा कुणी सांगत नाही. ते का, हे मला अजून कळलेलं नाही.

2005 मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. परळला राज्य सरकारची कामगार विषयाची शिक्षणसंस्था त्यांच्या नावाने आहे.

आता थोडं आजच्याबद्दल. हिशेब ठेवायची पद्धत आज पुष्कळ सुधारली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी 1992-93 पासून होते आणि तिचं काम मुंबईतल्या देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे आहे. या पाहणीत घरात काय काय आहे, म्हणजे भिंती कशाच्या, पाणी कुठून येतं, शौचालय आहे का, पंखा, टीव्ही, दुचाकी आहे का, हे विचारून कुटुंबांचे गरीब ते श्रीमंत असे पाच गट पाडतात आणि प्रत्येक गटाचं आरोग्य वेगळं मांडतात. 2019-21 च्या पाहणीत देशातल्या सगळ्यात गरीब गटातल्या लहान मुलांमध्ये वयाच्या मानाने उंची कमी असण्याचं प्रमाण सगळ्यात श्रीमंत गटाच्या जवळपास दुप्पट निघालं.

गट का पाडायचे? पाचवीच्या मुलांनाही कळेल असं उदाहरण देते. समजा वर्गात दहा मुलं आहेत. पाच मुलं आजारपणामुळे वर्षात 2-2 दिवस गैरहजर राहिली आणि पाच मुलं 18-18 दिवस. सरासरी 10 दिवस. पण वर्गात दहा दिवस गैरहजर राहिलेलं एकही मूल नाही! सरासरी बघणाऱ्याला वर्ग ठीक वाटेल आणि ती पाच मुलं कुणाला दिसणारच नाहीत. आमच्या भागात हेच मोठ्या प्रमाणावर होतं. ही पाहणी जिल्ह्यापर्यंतचे आकडे देते. पुणे जिल्हा म्हटलं की त्यात कोथरूडही आलं, हिंजवडीही आली आणि चाकणच्या एमआयडीसीलगत पत्र्याच्या खोल्यांत राहणारी कुटुंबंही आली. त्यात ही कुटुंबं दर वर्ष-दोन वर्षांनी खोली बदलतात, गावी जातात, परत येतात. बाळाचं लसीकरणाचं कार्ड गावी राहतं, शाळेचा दाखला तिसऱ्याच गावी. शाळेत तपासणीला आरोग्य पथक येतं, त्या दिवशी नेमकं ते मूल गावी असतं.

म्हणून आपल्या हातात जे आहे, ते तरी करावं असं मला वाटतं. प्रगतिपत्रकावर आपण वर्षातून दोनदा उंची आणि वजन लिहितो. बऱ्याचदा घाईत लिहितो, हेही खरं. ते नीट मोजून लिहिलं, आणि वर्षाच्या मध्येच दाखल झालेल्या मुलांची नोंद एका वेगळ्या कागदावर ठेवली, तर पथक येईल तेव्हा कुणाला आधी दाखवायचं हे आपल्याला ठाऊक असेल. तो कागद वर्गात लावायचा नाही, मुलांची नावं मोठ्याने वाचायची नाहीत. आपल्यापुरता ठेवायचा. गैरहजेरी लिहितानाही कारण विचारून बाजूला दोन शब्द टाकता येतात : ताप, घरी अपघात, गावी गेले.

1 मे च्या निमित्ताने मुलांकडून करून घ्यायचा उपक्रमही सोपा आहे. घरातल्या कॅलेंडरवरून जून आणि डिसेंबरच्या कोणत्याही एका तारखेचा सूर्योदय-सूर्यास्त लिहून आणायला सांगा आणि गिरणी कामगाराच्या दिवसाचे तास काढायला लावा. मग घरातलं कुणी कंपनीत जात असेल तर ते घरातून किती वाजता निघतात आणि किती वाजता परत येतात, हे विचारून त्याच्या शेजारी लिहायचं. चौथीला वजाबाकी पुरते, पाचवीची मुलं महिन्याचे तासही काढू शकतात. ओव्हरटाइम धरायचा का, असं मुलं हमखास विचारतात. धरायचा.